निदानाच्या रकान्यात एकच ओळ: गोव्याच्या पशुवैद्यकीय खात्याला आणि पंचायतींना खुले पत्र

प्रति,
माननीय संचालक, पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा, गोवा
तसेच
राज्यातील सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच व पंच आणि नगरपालिकांचे नगराध्यक्ष

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी फोंडा तालुक्यात राहते. मराठी प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. आमच्या वाड्यावर नऊ कुत्री होती, आता आठ आहेत. त्यांना सकाळी पेज आणि रात्री भात घालण्याचं काम माझ्याकडे आहे. कागदोपत्री त्यांना ‘भटकी’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, कारण ती कुठेही भटकत नाहीत. याच वाड्यावर जन्मली, इथल्याच ओसऱ्यांवर निजतात, रात्री कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, रानडुक्कर शिरलं तर तीच पहिली भुंकतात. हे पत्र त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी एक ऋण मान्य करते. मी लहान असताना पिसाळलेलं कुत्रं आलं की आई आम्हाला घरात कोंडून कडी लावायची. चावा घेतलेल्या माणसाच्या पोटात इंजेक्शनं टोचायचे, त्या आठवणीने आजही अंगावर काटा येतो. आज गोव्यातल्या मुलांना ही भीती माहीत नाही. 2014 पासून ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून गावोगावी कुत्र्यांना लस टोचली. वर्षाला लाखाच्या घरात कुत्री, प्रत्येकाची मोबाइलवर नोंद, कुठल्या वाड्यावर कुठल्या दिवशी पोहोचले याचा हिशेब. दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे पुस्तकातलं गणित या माणसांनी जाळी खांद्यावर टाकून, उन्हातान्हात, कुत्र्यांमागे धावून खरं करून दाखवलं. 2018 पासून सलग काही वर्षं गोव्यात एकही माणूस रेबीजने दगावला नाही आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. लस देणारी मुलं आमच्या वाड्यावर येतात तेव्हा मी त्यांना चहा केल्याशिवाय सोडत नाही. माझ्या मनात त्यांच्याविषयी आदराखेरीज दुसरं काही नाही.

माझी विनंती याच कामाच्या पुढच्या पायरीची आहे. रेबीजपासून आपण वाचवलेलं कुत्रं पुढे कशाने मरतं, हे आपण पाहत नाही. आणि पाहिलं, तरी एकच कारण शोधून थांबतो.

आमची तांबू चार वर्षांची होती. लस झालेली, निर्बीजीकरण झालेलं, त्याची खूण म्हणून कानाला खाच असलेली. कागदावर पाहिलं तर तिचं सगळं झालं होतं. गेल्या वर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तिने पेजेला तोंड लावलं नाही. जवळ गेले तर अंग तापलेलं. कानाची पाळी उलगडून पाहिली आणि आत गोचिडी दिसल्या. मिरवेलीवर हिरव्या मिरीचा घोस असतो ना, तशा एकीला एक चिकटून बसलेल्या, फक्त रंग राखाडी. दोन दिवसांनी ओसरीच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. आधी वाटलं, कुठे भांडून आली असेल. मग तिने शिंक दिली आणि नाकातून रक्ताची बारीक धार आली.

रिक्षात घालून तिला एका दवाखान्यात नेलं. त्याचं नाव मी घेत नाही, कारण दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तिथे तपासणीच्या किटवर रक्ताचा थेंब टाकला, दहा मिनिटांत दोन रेघा उमटल्या. एर्लिकिया, गोचिडीतून येणारा जंतू. केसपेपरवर ‘निदान’ असा रकाना होता आणि त्यात एक ओळ होती. त्या ओळीवर डॉक्टरांनी लिहिलं: टिक फिव्हर. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या 28 दिवस द्यायला सांगितल्या. निदान बरोबर होतं. औषधही बरोबर होतं. पाचव्या दिवशी तांबूने भात खाल्ला, सहाव्या दिवशी शेपटी हलवली. मी निर्धास्त झाले.

गोकुळाष्टमीच्या सकाळी ती उठलीच नाही. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या तर चुन्यासारख्या पांढऱ्या. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. या वेळी तिला लांबच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी किट काढली नाही. कानाच्या टोकाला सुई टोचून तिथला थेंब काचेवर घेतला, दुसऱ्या काचेने पसरला, वाळवला, रंग घातला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ पाहिल्यावर मला म्हणाले, “बाई, तुम्हीच बघा.” मी पाहिलं. फिकट गुलाबी गोल पेशी पसरलेल्या आणि त्यातल्या काहींच्या आत जांभळट टिंब, बारीक अंगठीसारखं. “हा बबेसिया, तांबड्या पेशीत राहणारा परजीवी. आधीच्या आजाराबरोबरच आत शिरलेला असणार. तुम्ही देताय ती गोळी एकट्याने याला आवरत नाही.” शौच तपासलं तर त्यात आकड्या कृमीची अंडी. रक्त मोजलं तर पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण, 11, जो 37 ते 55 असायला हवा. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट 18 हजार, ज्या दोन लाखांच्या वर असायला हव्यात.

म्हणजे एक आजार नव्हता, तीन होते. तिन्ही पहिल्या दिवसापासून होते, आणि आम्ही एकावरच इलाज करत होतो.

रक्त चढवलं तर वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. कुत्र्यांसाठी रक्तपेढी कुठून आणणार? शेजारच्यांचा शेरू अंगापिंडाने मजबूत, लॅब्रॅडोरच्या वळणाचा, तीस किलोचा. त्याला घेऊन आलो. देणाऱ्याचंही रक्त तपासावं लागतं म्हणून त्याचं तपासलं. शेरूच्या प्लेटलेट 70 हजार निघाल्या आणि एर्लिकियाची किट पॉझिटिव्ह. ज्या कुत्र्याने आदल्या संध्याकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलमागे अख्खा वाडा पालथा घातला होता, ते कुत्रंही आजारीच होतं. त्याचं रक्त तिला देता आलं नाही. दुसरा दाता शोधेपर्यंत तिसरा दिवस उजाडला आणि तांबू गेली. माडाखाली पुरली.

या तीन दिवसांत आणि त्यानंतर डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं, ते सांगते. आपल्या खात्यातल्या मंडळींना हे सगळं माहीत आहे. सरपंच आणि पंच हे पत्र वाचतील, त्यांना माहीत असेलच असं नाही.

आपण ज्याला गोचीडताप म्हणतो ते एका आजाराचं नाव नाहीच. एका गोचिडीच्या चाव्यातून एर्लिकिया येऊ शकतो, बबेसिया येऊ शकतो, अॅनाप्लाझ्मा येऊ शकतो, आणि अंग चाटता चाटता कुत्र्याने ती गोचीड गिळली तर हेपॅटोझून. हे सगळे वेगवेगळे जीव, वेगवेगळ्या पेशींत घर करणारे, वेगवेगळ्या औषधांना बधणारे. एर्लिकिया पांढऱ्या पेशींत राहतो. प्लेटलेट संपवतो, शरीराची लढण्याची ताकद कमी करतो आणि फार दिवस राहिला तर हाडांतल्या मगजातून नवं रक्त तयार होणंच थांबवतो. बबेसिया तांबड्या पेशीत शिरतो आणि ती फोडतो. म्हणून लघवी काळपट होते. आकडी कृमी आतड्याला डसून रक्त पितात. आमच्या कुळागरातल्या विहिरीची कल्पना करा. एक माणूस पंपाने पाणी उपसतो आहे, तळाला चीर पडून पाणी जातं आहे, आणि वरून कोणी झराच बुजवला आहे. आपण धावत जाऊन पंप बंद केला, तर पाणी टिकेल का? तांबूच्या शरीरात नेमकं हेच चाललं होतं.

दोन आजार एकत्र आले की त्रास दुप्पट होतो इतकंच नसतं. एक आजार दुसऱ्याला लपवतो. ताप, अशक्तपणा, खाणं सुटणं, हिरड्या फिक्या पडणं ही लक्षणं सगळ्यांचीच. पावसाळ्यात डोळे पिवळे झालेलं कुत्रं आलं तर तो बबेसिया असू शकतो, लेप्टोस्पायरोसिस असू शकतो, किंवा दोन्ही. एक किट पॉझिटिव्ह आली की मन तिथेच थांबतं. माझंही थांबलं. आणि त्या किटलाही मर्यादा आहे. ती रोगजंतू दाखवत नाही, रोगजंतूविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं दाखवते. उपचार होऊन गेल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्ह येत राहू शकते. उलट रोग नुकताच शिरला असेल तर निगेटिव्ह. म्हणून तिच्या जोडीला काचेवरचा रक्ताचा थेंबही पाहायला हवा. काचेवरही छोटा बबेसिया सहज दिसत नाही, चिकाटीने शोधावा लागतो, आणि कानाच्या टोकाच्या रक्तात तो सापडण्याची शक्यता जास्त. शिवाय बबेसियातही मोठा आणि छोटा असे प्रकार आहेत. मोठ्याला जे इंजेक्शन लागू पडतं ते छोट्याला पुरं पडत नाही, त्याला वेगळ्या औषधांची जोडी लागते. ‘टिक फिव्हर’ हे दोन शब्द लिहून थांबलं की हे सगळे फरक पुसले जातात.

आणि शेरूसारखी कुत्री. एर्लिकिया पहिल्या दोन-चार आठवड्यांत ताप आणतो, मग बसतो. महिने जातात, कधी वर्षं जातात. कुत्रं खातं, धावतं, भुंकतं. दुसरा कुठला आजार आला, पिल्लं झाली, उपासमार झाली की तो उसळतो. आपण म्हणतो, “काल तर बरं होतं.” बरं नव्हतं. आपण पाहिलं नव्हतं.

आता गोचिडीबद्दल, कारण इथे पंचायतींचा संबंध येतो. आपल्याकडच्या कुत्र्यांवर असते ती तपकिरी गोचीड आपलं बहुतेक आयुष्य कुत्र्याच्या अंगावर काढतच नाही. अंडी जमिनीवर, भिंतीच्या चिरेत, चिऱ्याच्या दगडांच्या सांध्यात. एक मादी तीन-चार हजारांपर्यंत अंडी घालते. त्यातून सहा पायांचं पिल्लू निघतं, कुत्र्यावर चढतं, पोट भरलं की उतरतं, कात टाकतं, पुन्हा चढतं, पुन्हा उतरतं. असं तीनदा. बबेसिया गोचिडीच्या अंड्यांतूनही पुढच्या पिढीत जातो. म्हणजे कुत्र्याला न्हाऊ घातलं आणि बसस्टॉपचा शेड, बंद पडलेली शाळा, पंचायतीच्या गोदामाची मागची भिंत तशीच ठेवली, तर आठवड्याभरात तेच. आमच्या वाड्यावरच्या जुन्या बसशेडच्या बाकाखाली मी स्वतः बॅटरी लावून पाहिलं आहे. चिरेत दाण्यासारख्या दाटीने बसलेल्या. तिथेच शाळेची मुलं बसतात आणि कुत्री पावसात आडोशाला येतात. हे शेड स्वच्छ करणं, त्याच्या चिरा बुजवणं, पशुवैद्यकाला विचारून तिथे योग्य औषध फवारणं हे पंचायतीचं काम आहे. त्याला फार खर्च येत नाही.

वेळही फार मिळत नाही. एर्लिकिया गोचीड चावल्यापासून काही तासांत आत जाऊ शकतो. बबेसियाला सहसा एक-दोन दिवस लागतात. म्हणून रोज कान, पायाच्या बोटांमधल्या फटी आणि मान तपासणं ही पाळीव कुत्र्याच्या मालकाची जबाबदारी आहे. काजूच्या सीझनमध्ये जे कुत्रं मालकाबरोबर भाटात जातं आणि दिवसभर झाडाखाली बसतं, त्याच्या मालकाने तर हे संध्याकाळी न चुकता करावं. सापडलेल्या गोचिडीला केरोसीन लावू नये. नखाने चिरडू नये. पिळूनही काढू नये. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढावी आणि स्पिरिटमध्ये टाकावी. कुत्र्यांसाठी चघळायच्या गोळ्या आता मिळतात, एका गोळीने महिना ते तीन महिने गोचीड टिकत नाही. त्या स्वस्त नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच पुढची विनंती आहे.

एक गोष्ट मध्येच सांगते, कारण ती रोज घडते आहे. कुत्र्याला ताप आला की घरातली माणसाची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन भातात मिसळून देतात. मायेपोटी देतात. कृपा करून देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात. प्लेटलेट आधीच 18 हजारांवर आलेल्या कुत्र्याच्या पोटात जखम झाली तर ते रक्त थांबत नाही. पॅरासिटामॉलने यकृत आणि तांबड्या पेशी बिघडतात. बबेसिया त्या पेशी फोडतच असतो. आणि डॉक्सीसायक्लिन रिकाम्या पोटी देऊ नका, अन्ननलिकेला जखम होते. कुत्रं खायला लागलं म्हणून सातव्या दिवशी बंदही करू नका.

पावसाळ्याबद्दल थोडं. 31 मे रोजी किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे खाण्यापिण्याच्या हंगामी झोपड्या, बंद होतात. सहा-सात महिने पर्यटकांच्या ताटातलं खाऊन जगलेली कुत्री एका आठवड्यात उपाशी पडतात. ती कचऱ्याकडे वळतात, कचऱ्याकडे उंदीर असतातच, आणि वरून पाऊस. लेप्टोस्पायरा उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरतो आणि उपाशी, गोचिडींनी शोषलेल्या, जंतांनी पोखरलेल्या शरीरात शिरतो. बरं झालेलं कुत्रंही पुढे कित्येक आठवडे लघवीतून तो बाहेर टाकत राहू शकतं. आपल्या शेतात अनवाणी उतरणाऱ्या माणसाला, गटार साफ करणाऱ्या कामगाराला, अंगणात साचलेल्या पाण्यात खेळणाऱ्या पोराला तोच जंतू त्वचेवरच्या बारीक जखमेतून गाठतो. दर पावसाळ्यात आरोग्य खातं लोकांना लेप्टोबद्दल सावध करतं. तसंच पशुवैद्यकाकडे कावीळ झालेली चार कुत्री एका वाड्यावरून आली, तर ते आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला त्याच दिवशी कळायला हवं. सत्तरी तालुक्यात 2015 पासून माकडतापाची माणसं सापडू लागली, तेव्हा रानातल्या गोचिडींवर लक्ष ठेवायला आपण शिकलो. तो वेगळा आजार आहे, वेगळ्या गोचिडीतून येतो, आणि कुत्री तो पसरवतात असं मी अजिबात म्हणत नाही. म्हणायचं एवढंच, की मेलेलं माकड दिसल्यावर कोणाला फोन करायचा हे सत्तरीतल्या माणसाला माहीत आहे. नाकातून रक्त येणारं कुत्रं दिसल्यावर कोणाला फोन करायचा हे मला माहीत नव्हतं.

आता मागणी.

निर्बीजीकरणासाठी कुत्रं पकडलं जातं तो त्याच्या आयुष्यातला एकमेव दिवस असतो, जेव्हा ते डॉक्टरच्या टेबलावर शांत पडलेलं असतं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कुत्र्यांना निर्बीजीकरण, जंतनाशक आणि लस देऊन मूळ जागी सोडण्याबद्दल सांगितलं. म्हणजे जंतनाशकाचा विचार झालेला आहे. त्याला आणखी दोन गोष्टी जोडा: कानाच्या टोकाच्या रक्ताची एक काच आणि गोचिडीचं औषध. शस्त्रक्रियेआधी रक्ताची काच पाहणं तर कुत्र्याच्या जिवासाठीच हवं. प्लेटलेट घसरलेल्या कुत्रीचं गर्भाशय काढायला घेतलं तर रक्तस्राव आवरत नाही. अशी कुत्री टेबलावर गेली की आपण म्हणतो, अॅनेस्थेशिया सोसला नाही. किती वेळा ते रक्त असेल, कोण जाणे. पीसीव्ही मोजायचं यंत्र लहान असतं, पाच मिनिटांत आकडा देतं. फिकट हिरड्यांच्या कुत्रीला त्या दिवशी परत पाठवा, उपचार करा, महिन्याने पुन्हा आणा.

निर्बीजीकरणाच्या पिंजऱ्यांबद्दलही बोलायला हवं. अनेक गावांची कुत्री तिथे एका छपराखाली येतात. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे दोन विषाणूजन्य आजार. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि डिस्टेंपर श्वासातून पसरतो. डिस्टेंपर स्वतः प्रतिकारशक्तीच मोडतो, म्हणून त्यात सापडलेलं कुत्रं एर्लिकिया असो, खरूज असो, काहीही सहन करू शकत नाही. फिनेलने पार्व्हो मरत नाही, ब्लीचने मरतो. एक कुत्रं काढून दुसरं ठेवण्याआधी पिंजरा ब्लीचने धुवा, लहान पिल्लांना वेगळं ठेवा. हे बहुतेक ठिकाणी होत असेलही. होत नसेल तिथे व्हावं.

रेबीजची लस देणाऱ्या फिरत्या पथकाबरोबर गोचिडीचं औषध जावं. कुत्रं जाळीत आहे, लस टोचली आहे, डोक्यावर रंगाची खूण केली आहे. त्याच क्षणी मानेवर औषधाचा ठिपका पडला तर आणखी अर्धं मिनिट लागेल. सगळ्या गोव्यात एकदम नको. एका तालुक्यात एक वर्ष करून पाहा, पावसाच्या आधी आणि पावसानंतर, आणि त्या तालुक्यातल्या दवाखान्यांत येणाऱ्या आजारी कुत्र्यांची नोंद ठेवा. रेबीजच्या वेळी नोंद होती म्हणूनच काम पुढे गेलं. किती टक्के वाड्यांवर पोहोचलो, हे रोज संध्याकाळी कळत होतं. या आजारांची तशी नोंद ठेवली, तर कोणत्या भागात छोटा बबेसिया जास्त आहे, कुठे लेप्टो, कुठे एका कुत्र्यात तीन-तीन, हे पहिल्यांदा समोर येईल. औषधांची खरेदीही त्याप्रमाणे करता येईल.

तालुका दवाखान्यांत सूक्ष्मदर्शक असतील. रंगाची बाटली भरलेली असावी आणि काच पाहणारं माणूस दुपारपर्यंत तरी बसलेलं असावं. पशुवैद्यकांवर कामाचा किती भार आहे, हे मी पाहिलं आहे. सकाळी गाभण गाय, दुपारी लम्पीची लस, संध्याकाळी पंचायतीची सभा. एका डॉक्टरने हे सगळं करावं असं माझं म्हणणं नाही. काचेवर रक्त पसरणं, रंगवणं आणि पहिली नजर टाकणं हे शिकवलेला तंत्रज्ञ करू शकतो.

आणि केसपेपरवर निदानाच्या रकान्यात एकच ओळ ठेवू नका. पाच ओळी छापा. एर्लिकिया, बबेसिया, जंत, लेप्टो, डिस्टेंपर अशी नावं छापून समोर चौकट ठेवा: पाहिलं, सापडलं, सापडलं नाही, पाहायचं राहिलं. चौकट रिकामी दिसली की डॉक्टरला आठवतं आणि मालकालाही विचारता येतं. हा बदल छापखान्यात होतो, त्याला नियमही बदलावा लागत नाही. माझ्या वर्गात प्रगतिपुस्तकावर सात विषयांचे सात रकाने असायचे. गणितात चांगले गुण मिळाले म्हणून मराठीचा रकाना आम्ही कधी कोरा सोडला नाही.

खर्चाची शंका निघेल. एका काचेला, एका थेंब रंगाला आणि दहा मिनिटांना किती पैसे लागतात, ते आपणच काढून पाहा. तांबूच्या त्या तीन आठवड्यांत रिक्षा, किट, गोळ्या, सलाइन यांचं जे बिल झालं, त्यातून आमच्या सबंध वाड्यावरच्या कुत्र्यांच्या काचा तपासून झाल्या असत्या आणि वर जंताची औषधं आली असती.

शेरू आता बरा आहे. त्याच्या गोळ्या पुऱ्या 28 दिवस दिल्या. महिन्याने प्लेटलेट पुन्हा मोजल्या, दीड लाखांवर आल्या होत्या, अजून मोजायच्या आहेत. शेजाऱ्यांनी घराच्या मागच्या भिंतीच्या चिरा सिमेंटने बुजवल्या. उरलेल्या सात कुत्र्यांचं रक्त मी माझ्या पेन्शनमधून तपासून घेतलं. तिघांत एर्लिकिया, त्यातल्या एकात बबेसियाही, आणि जवळपास सगळ्यांत आकडी कृमी. बाहेरून पाहिलं तर सातही जण टुणटुणीत.

आपलं पथक पुढच्या फेरीला फोंडा तालुक्यात येईल, तेव्हा काचांचा डबा आणि रंगाची बाटली सोबत आणा. आमच्या वाड्यावर जाळी लागणार नाही, माझ्या हाकेला सगळी येतात. कान मी धरून ठेवीन. शाळेतली माझी जुनी विद्यार्थिनी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे, तीही सुट्टी काढून यायला तयार आहे. तारीख फक्त दोन दिवस आधी कळवावी, म्हणजे त्या सकाळी त्यांना पेज उशिरा घालीन.

कळावे,

आपली,
फोंडा तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका

सोबत: तांबूच्या दोन्ही केसपेपरांच्या प्रती